चार नंबरची खिडकी

माझी मावशी एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. वायर खोचून लोकांना एकमेकांशी जोडून द्यायच्या काळातली. कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कोणाचा भाऊ रुसून घर सोडून गेला, सगळं तिच्या कानांवरून गेलं, पण ह्या कानाचं त्या कानाला कधी कळलं नाही. आम्ही भाचरं लहानपणी तिच्या खनपटीला बसायचो तेव्हा ती म्हणायची, "मला ऐकायचा पगार मिळतो, सांगायचा नाही."

अशी बाई स्वतःचं दुखणंही पोटातच ठेवणार. दोनेक वर्षांपासून ती लांबच्या प्रवासाला नाही म्हणू लागली होती. कुठे कार्यक्रमाला गेलो तर दाराजवळची खुर्ची धरून बसायची आणि मधूनच उठून जायची. मी म्हटलं, सदुसष्ट वय झालं, दमत असेल. विचारलं मात्र नाही.

मग एक दिवस तिचा फोन आला. "बुधवारी सकाळी मोकळी आहेस का? दवाखान्यात जायचंय."

"काय होतंय?"

"भेटल्यावर सांगते."

भेटल्यावरही ताकाला जाऊन भांडं लपवणं चालूच होतं. शेवटी सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर माझा दंड धरून ती म्हणाली, "खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं गं. आणि शिंक आली तरी पंचाईत होते." एवढं बोलून ती झपझप आत गेली.

नावनोंदणी चार नंबरच्या खिडकीवर होती. काचेला खाली एक भोक, त्यामागे विशी-बाविशीची मुलगी, डोक्यावर खडखडणारा पंखा. खिडकीला अगदी लागून दोन बाकं आणि त्यांवर दाटीवाटीने बसलेली माणसं. मावशी भोकाजवळ वाकली आणि हळू आवाजात काही बोलली.

"मोठ्याने बोला."

"बायकांच्या डॉक्टरांना दाखवायचंय."

"ते कळलं, आजी. तक्रार काय? अंगावरून जातंय की लघवी सुटते?"

मुलीचा आवाज थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला. बाकावर मावशीच्याच इमारतीतले घड्याळजी बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि लगेच आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत बसले. मावशी सरळ उभी राहिली. तिचा चेहरा उतरला नव्हता, नुसता बंद झाला होता.

"काही नाही," ती म्हणाली. "चुकून आले."

आणि आम्ही घरी परतलो.

माझ्या अंगाची लाहीलाही होत होती. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, त्यामुळे दुसऱ्याच्या चुकांवर लाल रेघ ओढणं हाच माझा धंदा. तक्रारअर्ज लिहिते म्हटलं, तर मावशीने हात झटकला. "त्या पोरीची नोकरी घालवून माझं दुखणं जाणार आहे का?" त्यानंतर तिने तो विषय काढू दिला नाही. पंधरा दिवस मी रोज फोन करायची आणि ती मला पालेभाजी कशी महागलीय ते सांगायची.

सोळाव्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "उद्या जाऊ. मी लिहून नेणार आहे."

तिने लिहिलं होतंही सुंदर. चार ओळी, वळणदार अक्षर, एक खाडाखोड नाही. खिडकीच्या भोकातून तिने चिठ्ठी आत सरकवली. मुलीने ती उलगडली आणि, मी आजही विसरलेले नाही, मोठ्याने वाचायला लागली. "दोन वर्षांपासून लघवीवर ताबा..."

मावशीने काचेवर तळहात टेकवला. आपटला नाही, टेकवला.

"बाळ," ती म्हणाली, "चिठ्ठी वाचायची असते. ऐकवायची नसते."

मुलगी थांबली. तिने एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा तिच्या मागच्या रांगेकडे, आणि तिचे कान लाल झाले. उरलेली चिठ्ठी तिने मनात वाचली आणि नंबराचा कागद पुढे केला.

डॉक्टरांच्या खोलीत वेगळीच तऱ्हा. दार सताड उघडं, दारात पुढच्या तीन बायका उभ्या, आणि आत टेबलाशी डॉक्टरीणबाईंच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या कोटातले दोन विद्यार्थी, एक मुलगी, एक मुलगा. डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर न काढता मला विचारलं, "यांना किती दिवसांचा त्रास आहे?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी म्हणाली, "यांनाच विचारा. यांना बोलता येतं."

मी जीव मुठीत धरला. आता ही बाई खेकसणार, असंच मला वाटलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. पन्नाशीच्या असाव्यात, डोळ्यांखाली काळं झालेलं. सकाळपासून त्यांनी किती बायका तपासल्या असतील कोण जाणे.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सांगा."

"सांगते. आधी दार लावाल का? आणि हे दोघे कोण?"

"विद्यार्थी आहेत. शिकायला आलेत."

"शिकायलाच हवं. नाहीतर उद्या आमच्यासारख्यांना बघणार कोण?" मावशी त्या दोघांकडे वळली. "पण कोणाच्या घरात शिरताना आपण कोण ते सांगतो ना आपण? तसंच सांगायचं. आणि बाळा, तुझा राग नाही, पण तपासताना तू बाहेर थांबलास तर मला बरं वाटेल. जे कळेल ते ही मुलगी तुला नंतर सांगेल."

मुलाने आपलं नाव सांगितलं, मान लववली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. विद्यार्थिनीनेही नाव सांगितलं, इतक्या हळू की मावशीला पुन्हा विचारावं लागलं.

मग मावशी बोलली. दोन वर्षं जे माझ्यापासून लपवलं ते तिने सरळ, क्रमवार सांगितलं. कधी सुरू झालं, काय उचललं की वाढतं, रात्री किती वेळा उठावं लागतं. एकदाही तिचा आवाज कापला नाही. ऐकताना लाज मला वाटत होती, ती मी इतके दिवस न विचारल्याची.

तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या, "गर्भाशय खाली सरकलंय. ह्या वयात पुष्कळ बायकांना होतं. आधी एक रबरी रिंग बसवून बघू, तिने भागलं तर ऑपरेशनची गरज पडायची नाही. एवढ्यासाठी दोन वर्षं थांबलात?"

"दोन वर्षं थांबले ती माझ्या लाजेने," मावशी म्हणाली. "शेवटचे पंधरा दिवस मात्र तुमच्या खिडकीमुळे."

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. मावशीने त्या मुलीला नावं न ठेवता काय घडलं ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आणखी किती जणी अशा परत गेल्या असतील, ते मला कळणारही नाही."

मला वाटलं, झालं, आता घरी. पण मावशीचं काम संपलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद झाल्यावर तिने बाजूच्या दारावर टकटक केली. मुलगी आम्हाला बघून उभीच राहिली.

"बस गं. भांडायला नाही आले. तुझ्या खुर्चीवर जरा मला बसू दे."

मावशी त्या खुर्चीवर बसली आणि तिने मला बाहेर जाऊन भोकातून बोलायला सांगितलं. मी बोलले. तिने मान हलवली, काही ऐकू येत नव्हतं. पंखा खडखडत होता, आणि काचेचं भोक इतकं खाली होतं की बोलणाऱ्याचा आवाज मुलीच्या पोटाशी येऊन थांबायचा.

"तू ओरडणार नाहीस तर काय करशील?" मावशी म्हणाली. "संध्याकाळी घसा बसत असेल."

"रोज," मुलगी म्हणाली. "घरी आई म्हणते, तू आमच्यावरही ओरडतेस." आणि मग म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही निघून गेलात ते मला कळलं होतं. पण मागे चाळीस जण उभे होते."

"एक्सचेंजमध्ये आम्ही एका खोलीत अठरा जणी बोलायचो, एकाच वेळी. शेजारणीचा शब्द शेजारणीला कळायचा नाही. आवाज वाढवला की समोरच्याला कमीच समजतं. सावकाश बोलायचं, आणि तोंड भोकाजवळ न्यायचं. कर बघू."

मुलीने करून बघितलं. पहिल्यांदा तिला हसूच आलं. दुसऱ्यांदा जमलं.

पंख्याचं आणि बाकांचं बोलायला मावशीने थोरल्या सिस्टरांना गाठलं. सिस्टर आधी म्हणाल्या, बाकं तिथेच असतात. "असतात म्हणजे काय, पाय आहेत त्यांना," मावशी म्हणाली, आणि एक बाक स्वतःच धरायला निघाली. तिला असलं काही उचलायची मनाई आहे हे मी ओरडून सांगणार होते, पण वेळेवर जीभ चावली. दुसरं टोक मी धरलं, मधे सिस्टरांनी हात लावला, आणि मावशीला नुसतं "इकडे, अजून इकडे" म्हणायचं काम दिलं.

माझ्या वाट्याला एक तक्ता आला. नेहमीच्या तक्रारी, प्रत्येकीपुढे नंबर, मोठ्या ठशात. माणसाने बोट ठेवायचं, मुलीने नंबर लिहायचा, बोलायची गरजच नाही. मजकूर डॉक्टरीणबाईंनी तपासला, छापखान्यात मी तो जाड पुठ्ठ्यावर काढून घेतला.

सहा आठवड्यांनी रिंगची तपासणी होती. सगळं काही सुधारलं होतं असं नाही. पंखा तसाच खडखडत होता. एक बाक लोकांनी ओढून पुन्हा खिडकीशी आणलं होतं. पण तक्ता काचेला चिकटलेला होता, त्याचे कोपरे इतक्यातच मळले होते, आणि मुलगी भोकाजवळ वाकून एका म्हातारबुवांशी इतक्या सावकाश बोलत होती की मला दोन हातांवरून शब्द कळला नाही.

मावशी आत पडद्यामागे टेबलावर आडवी झाली. मी तिच्या उशाशी उभी. रिंगने तिला आराम पडला होता, गेल्या आठवड्यात ती मैत्रिणीकडे सहा तास बसने जाऊन आली होती आणि तिथल्या गोष्टी मला पुन्हा पुन्हा सांगत होती. पडद्याखाली डॉक्टरीणबाईंच्या चपला दिसल्या, त्यांच्यामागे बुटांचे आणखी दोन जोड. पडदा हलला नाही.

"येऊ का?" बाहेरून आवाज आला.

मावशीने पांघरूण सारखं केलं, केस सारखे केले, माझ्याकडे बघून किंचित हसली.

"या," ती म्हणाली.