शेडलाइन सापडत नाही

आमच्या कचेरीत एक सुधारक आहे. त्याचं खरं नाव पगारापुरतं. बाकी सगळे त्याला सुधारकच म्हणतात, कारण नीट चाललेली कुठलीही गोष्ट दिसली की याचे हात शिवशिवतात. मागे तो पंख्याचा आवाज सुधारायला गेला आणि पंखा कायमचा गप्प झाला. समितीच्या बैठकीच्या दिवशी सकाळी त्याने आमची आलेख काढायची लायब्ररी सुधारली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. आकडे दिले की रेघ काढून देणारा प्रोग्रॅमचा गठ्ठा, कुठल्याशा भल्या माणसांनी लिहून जगाला फुकट वाटलेला.

"फार जुनं व्हर्जन होतं, ताई," तो म्हणाला. "बघून लाज वाटायची."

"बैठक आज दुपारी आहे, माहीत होतं ना?"

"म्हणून तर केलं. नव्यात रंग छान येतात."

मी कपाळावर हात मारून घेतला.

आमचं काम डोंगरावर लक्ष ठेवण्याचं. डोंगराच्या भेगांवर आम्ही तारा ताणल्या आहेत. भेग रुंदावली की तारेचा आकडा बदलतो आणि तो आमच्या कॉम्प्युटरवर येतो. डोंगराच्या पायथ्याशी गिरणी कामगारांच्या घरांच्या रांगा आहेत. त्या लोकांना पावसाआधी हलवायचं की नाही, हे समिती त्या दुपारी ठरवणार होती, आणि ठरवणार होती आमचा आलेख बघून. पण तार उन्हानेही लांबते-आखडते. नुसते आकडे मांडले तर डोंगर रोज दुपारी घरातून निघतो आणि संध्याकाळी परत येतो. त्यातून ऊन वजा करून डोंगराची खरी चाल दाखवणारा प्रोग्रॅम माझ्या मामांनी लिहिला होता. मामा आमच्या कचेरीचे प्रमुख. गेल्या हिवाळ्यात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि लिहिणंही गेलं.

मी मामांचा प्रोग्रॅम चालू केला. रेघ आलीच नाही. लाल अक्षरं आली: लायब्ररीत 'शेडलाइन' नावाचं काही सापडत नाही.

"सोपंय," सुधारक म्हणाला. "नव्यात नाव बदललं असणार. हे लोक नेहमी बदलतात."

आम्ही बदलांची यादी वाचून काढली. काय काय काढून टाकलं होतं, कशाकशाचं नवं बारसं केलं होतं, सगळं होतं. शेडलाइन नव्हती. इंटरनेटवर शोधलं तर खिडक्यांचे पडदे आणि छपराचे पत्रे विकणारे भेटले. हीच अडचण आलेला दुसरा माणूस जगात नव्हता.

"म्हणजे फक्त आपल्यालाच आली," सुधारक जरा कौतुकानेच म्हणाला.

"तोंड बंद ठेव आणि जुनं व्हर्जन परत टाक."

त्याने टाकलं. तेवढ्यात मी चहा आणला, गार होऊ दिला. मग पुन्हा प्रोग्रॅम चालवला आणि पुन्हा तीच लाल अक्षरं आली. कालपर्यंत जे व्हर्जन सुरळीत चालत होतं, तेच हे. सुधारकाचा चेहरा उतरला. आता मला कळलं. शेडलाइन त्या लायब्ररीत कधी नव्हतीच. ती मामांची होती.

सुधारक दर महिन्याला सगळ्यांचे फोल्डर झाडून काढतो. एकदा त्याने मामांचीच फाइल कचरा समजून उडवली होती. मामा ओरडले नाहीत. "आता अशा जागी ठेवतो, की तुझा झाडू पोचायचा नाही," एवढंच म्हणाले. आणि त्यांनी उन्हाच्या वजाबाकीचं सगळं गणित थेट लायब्ररीच्या पोटात, तिच्याच फाइलींमध्ये नेऊन ठेवलं. ती जागा तशी सुरक्षितच होती. फक्त लायब्ररी सुधारताना जुना फोल्डर मुळासकट उपटला जातो आणि त्या जागी नवा येतो. आमच्या कामाच्या प्रती आम्ही दर आठवड्याला काढतो. लायब्ररीची प्रत कोण काढणार? ती तर कधीही फुकट मिळते!

"मला कुणी सांगितलंच नव्हतं," सुधारक रडवेला होऊन म्हणाला. त्याला शिव्या घालाव्यात एवढाही जोर माझ्यात उरला नव्हता.

मामांच्या आजाराआधीच्या एका छापील आलेखावरून उलटं गणित करून पाहिलं. पण मामांनी प्रत्येक तारेचा हिशोब वेगळा लावला होता आणि छापलेली रेघ सगळ्या तारांची मिळून एक होती. शिजलेल्या भातातून तांदूळ वेगळे काढण्यातला प्रकार.

दुपारी मी समितीसमोर नुसते आकडे मांडले. अध्यक्षबाई वाईट नव्हत्या. चष्मा लावून त्यांनी नीट पाहिलं.

"हा तर वर-खाली होतोय. सरकतोय कुठे?"

"ऊन वजा केलं की दिसेल, मॅडम."

"मग करा ना वजा."

"ते आता होत नाही. पुन्हा मोजून बसवायला दोन उन्हाळे लागतील."

"बरं. तुमची स्वतःची खात्री आहे का, की डोंगर सरकतोय?"

हो म्हणायला हवं होतं. पण यंदाची खरी रेघ मी अजून पाहिलीच नव्हती, आणि न पाहता बोलायचं नाही ही मामांचीच शिकवण. "खात्री नाही," मी म्हणाले. विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक पावसाळ्यानंतर.

तशीच मामांकडे गेले. मामा त्या रांगांमध्येच राहतात. ज्याची नाडी बघायची त्याच्या उशाशी राहावं, असं म्हणत त्यांनी तिथे घर घेतलं होतं. आणि अख्खी वस्ती त्यांच्या भरवशावर झोपते. मामा आहेत तोवर डोंगर ठीक आहे, असा तिथला हिशोब.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामी पदराने पुसत राहिली.

"मामा, तुम्ही माझ्याकडे चला," मी म्हणाले. आजवर हे म्हटलं, की ते डाव्या हाताने मला उडवून लावायचे. आज त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो. डोंगर सरकतोय म्हणून, की आता सरकला तरी कुणाला कळणार नाही म्हणून? दोन्ही विचारून पाहिलं, दोन्हीला मान तशीच हलली.

सामान बांधायला घेतलं तसे शेजारी जमले. मला वाटलं, आता तरी यांना कळेल. मामा इथून हलले, याहून मोठा आलेख कुठला?

"आजारपणात माणूस आपल्या माणसांजवळच हवा," शेजारीण म्हणाली. "बरं केलंस, नेतेयस ते."

"काकू, आजारपणासाठी नाही हो. डोंगराचं काही खरं नाही. तुम्हीही निघा."

"समितीने तसं सांगितलं?"

"नाही. पण मामा..."

"अगं, त्यांचं आता काय," ती हळूच, मामांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग चौघांनी मामांना खुर्चीसकट अलगद उचलून गाडीत बसवलं, पाठीला उशी लावली. मामा डाव्या हाताने एकाची बाही धरून ओढत होते, तोंडातून नुसता आवाज येत होता. त्याने तो हात प्रेमाने सोडवला आणि मांडीवर ठेवला.

मामीने कुलूप लावलं. शेजारणीने तिच्या हातातून किल्ली घेऊन कमरेला खोचली.

"घराची काळजी करू नका," ती म्हणाली. "आम्ही आहोतच इथे."