पदराला लागलेला बगळा

मी पांढरा खडू बोलतोय. फळ्यावरचा नव्हे, चित्रं काढायच्या पेस्टलचा. आमचं घराणं वेगळं आहे. आता नखाएवढा उरलोय, पण तोरा काही गेलेला नाही.

रायपूरच्या गोल बाजारात मी एका दुकानात डबीत पडून होतो. पांढऱ्या कागदावर पांढऱ्याला कोण विचारतो? लाल-निळे सोबती कुचकं हसायचे. एके दिवशी हरिदासांनी ती आख्खी डबी विकत घेतली, लेकीसाठी, श्रावणीसाठी.

श्रावणीला जन्मापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. थंडी बाधली की हाडं आतून ठणकायची. कॉलेज सुटलं, मैत्रिणी सुटल्या. राहिला तो घरामागचा तलाव आणि त्यावरच्या पाणकोंबड्या, टिबुकल्या, पाणकावळे. हरिदास पंडरीच्या कापडबाजारात एका दुकानात कामाला होते. ताग्यांच्या आतले तपकिरी पुठ्ठे ते घरी आणायचे. तसल्या पुठ्ठ्यावर तिनं मला टेकवलं आणि बगळा उभा राहिला. त्या दिवशी लाल-निळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती!

चित्राला ती कुणाला बोट लावू देत नसे. "आई, हाथ मत लगाना, ये सब पावडर ही है," असं हिंदीतच बजावायची.

"हव माय, नाही लावत," कलावतीबाई म्हणायच्या.

रंग पक्का करायचा फवारा असतो, पण त्याच्या वासानं तिचा श्वास कोंडायचा. म्हणून चित्र पुरं झालं की हरिदास ते अंगणात नेऊन फवारायचे.

यंदा हिवाळ्यात तिनं मोठा पुठ्ठा घेतला. तलाव आटू लागला की बगळे सकाळी अगदी काठाशी येतात. तिला एकाची मान जवळून बघायची होती. डॉक्टरांनी तर सकाळच्या गारठ्यात बाहेर पडायचं नाही, असं निक्षून सांगितलेलं.

"काहून जीव खाऊन राहिली माझा? खिडकीतून पाह्य ना," कलावतीबाई करवादल्या.

"खिड़की से गर्दन नहीं दिखती, आई. बस एक बार."

शेवटी आईचंच मन विरघळलं. स्वेटर, शाल, कानटोपी असा बंदोबस्त करून त्यांनी लेकीला काठावर नेलं. मी स्वेटरच्या खिशात होतो, पुढचं मला दोघींच्या बोलण्यातूनच कळलं. बगळा आला, मान ताणून उभा राहिला. श्रावणीनं आईचा हात घट्ट धरला आणि दोघी श्वास रोखून बघत राहिल्या.

घरी आल्याबरोबर तिनं तो बगळा काढला. मी इतका झिजलो, पण इतकं सुंदर मला कुणी कधी वापरलं नव्हतं. फवारायचं उद्यावर ठेवलं. संध्याकाळी तिच्या छातीत कळा सुरू झाल्या, तिला दवाखान्यात नेलं आणि ती परत आलीच नाही. मला अजून राग येतो, तो कुणावर काढावा ते मात्र समजत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली तिचा फोटो मांडला. शेजारी कलावतीबाईंनी ते चित्र ठेवलं. भंतेजी यायची वेळ झाली होती, घर माणसांनी भरलं होतं. पुठ्ठ्यावर कलावतीबाईंना पांढुरकी धूळ दिसली. सकाळपासून घर पुसत असलेला तो हात, त्यानं सवयीनं चित्रावरून पदर फिरवला.

बगळा पुसला गेला. पुठ्ठ्यावर नुसतं धुकं उरलं.

"राहू दे, कला," हरिदास म्हणाले. "तुले काय माहीत."

"मले माहीत होतं," त्या मटकन खाली बसल्या. "पोट्टी रोज सांगे, हात नको लावू म्हणून."

ती साडी त्यांनी धुतलेली नाही. त्याच पदराच्या गाठीत मला बांधून ठेवलंय. हरिदास कामावर गेले की त्या गाठ सोडतात, पुठ्ठ्यासमोर बसतात, मला चिमटीत धरतात. पुठ्ठ्यापर्यंत नेतात, पण टेकवत नाहीत. मग पुन्हा गाठ मारतात.

कलावतीबाई, मला असं जपू नका. माझा जन्म जपण्यासाठी नाही, झिजण्यासाठी आहे. तुम्हाला चित्रकला येत नाही, हे मलाही दिसतं. बगळा वाकडा येईल, येऊ द्या. पण त्या सकाळी काठावर तुम्ही तिच्या शेजारी उभ्या होतात. ती मान कशी होती, हे आता तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. मी आहे तोवर काढा.