शेवटच्या तिरप्या रेघेची राखणदार

चाचणी म्हटलं की तुम्ही दचकता, ठाऊक आहे मला. घाबरू नका, बोलतेय ती शाळेतली चाचणी नव्हे. मी जेमतेम अकरा ओळींची. माणसांच्या परीक्षा मी घेत नाही, प्रोग्रामच्या घेते.

वेबसाइट बांधायला एक तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. माझं घर असलेलं फ्रेमवर्क खुलं आहे, म्हणजे कुणीही ते फुकट वापरावं, उघडून वाचावं, जमलं तर सुधारून पाठवावं. त्यात राउटर नावाचा एक भाग असतो. तुम्ही पत्ता टाइप केलात की तुम्हाला कुठल्या पानावर न्यायचं ते हा राउटर ठरवतो. पोस्टमनच म्हणा ना. पण पोस्टमन परवडला, घर नंबर चुकला तरी तो शेजारी विचारतो. हा राउटर अक्षराला अक्षर लावून बघणार, आणि पत्त्याच्या शेवटी '/' अशी एक तिरपी रेघ जास्त दिसली की 'पान सापडलं नाही' म्हणून हात वर करून मोकळा होणार.

त्या रेघेपायीच माझा जन्म झाला.

मला लिहिलं ताईंनी. दिवसभर त्या तिकीट आरक्षणाच्या कंपनीत नोकरी करायच्या आणि सकाळी घर उठायच्या आत या खुल्या प्रकल्पाचं काम, तेही हौसेचं. घरात टेबल एकच, त्यावर लेकीच्या पुस्तकांचा ढीग. म्हणून ताई इस्त्रीच्या फळीवर लॅपटॉप ठेवून उभ्याउभ्या लिहायच्या. त्या फळीवर इस्त्री सोडून सगळं होतं, असं नवरा चिडवायचा, आणि त्याचं खोटं नव्हतं.

एक दिवस एका गृहस्थांची तक्रार आली. ते कानयंत्रं विकायचे, दुरुस्त करायचे, आणि त्यांची वेबसाइट आमच्या फ्रेमवर्कवर उभी होती. प्रत्येक यंत्राच्या डबीवर त्यांनी स्टिकर चिकटवला होता, की अडचण आली तर या पत्त्यावर बघा. तिथे मोठी मोठी चित्रं होती, बॅटरी कशी घालायची, नळी कशी पुसायची. त्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ. आमची नवी आवृत्ती आली आणि पत्ता उघडेना.

त्यांनी लिहिलं होतं, "माझ्या माणसांना फोन करून विचारता येत नाही हो. फोनवर ऐकू येत असतं तर माझ्याकडे आले कशाला असते? त्यांना तो पत्ता एवढाच आधार आहे."

ताईंनी ते दोनदा वाचलं. त्याच सकाळी त्यांनी राउटर दुरुस्त केला आणि पुन्हा कुणी मोडू नये म्हणून मला राखणीला बसवलं. माझं काम सोपं. शेवटी रेघ असलेला पत्ता टाकायचा. पान मिळालं तर हिरवी खूण, नाही मिळालं तर लाल. माझ्या डोक्यावर ताईंनी टीप लिहिली, 'कानयंत्रवाल्या काकांसाठी. ही मोडली तर आधी त्यांना विचारा.' आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी काकांना कळवलं, की आता निर्धास्त राहा, ही मोडलीच तर आधी तुम्हाला विचारू. काकांनी त्या शब्दावर चार हजार नवे स्टिकर छापून घेतले.

तीन वर्षं मी चौदाशे चाचण्यांच्या रांगेत उभी होते. कुणी नखाएवढा बदल पाठवला तरी आम्ही सगळ्या एकामागोमाग धावतो, आणि एक जरी लाल झाली तरी बदल अडतो. दोनदा मी लाल झाले. दोन्ही वेळा ताईंनी बदल परत पाठवला, वर 'हिच्यामुळे वाचलो' असंही लिहिलं. मी अगदी फुलून गेले, खोटं कशाला बोलू?

आता किल्लेदाराचं सांगते. प्रकल्प सगळ्यांचा, पण नवी आवृत्ती बाहेर सोडायच्या किल्ल्या एकाकडेच, म्हणून त्याला सगळे किल्लेदार म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. त्याने आणि ताईंनी मिळून राउटर नव्याने लिहायला घेतला. आठ महिने दर शनिवारी दोघं कॉलवर बसायचे. तो ताईंच्या ओळी खोडायचा, ताई त्याच्या खोडायच्या, आणि कोण बरोबर यावरून चिडवाचिडवी चालायची. जुना राउटर हजार नियम वरून खाली चाचपत बसायचा. नवा पत्त्याची सुरुवात बघूनच नऊशे बाजूला सारायचा. वेग सहापट झाला. हा वेग एका मोठ्या संमेलनात दाखवायचं किल्लेदाराने जाहीर करून टाकलं, तारखेसकट. व्यासपीठावर ताईंचंही नाव होतं, आयुष्यात पहिल्यांदा.

आणि मी लाल झाले. नव्या राउटरला शेवटची रेघ चालेना.

ताई दोन आठवडे झगडल्या. रेघ सांभाळली की वेग चौपटीवर यायचा. चौपट काय थोडी झाली? पण जाहीर सहापट झाली होती ना. शेवटी शनिवारी किल्लेदारानेच विषय काढला.

"ताई, एका माणसाच्या डब्यांसाठी सगळ्यांना थांबवायचं का?"

"एक माणूस नाही रे, चार हजार डब्या आहेत."

"संमेलन झालं की पहिलं काम तेच करू. तोवर तिला तात्पुरती बाजूला ठेव."

ताईंनी कॉल बंद केला. मला वाटलं, भांडणाची तयारी चाललीय. सोमवारी सकाळी माझ्यावर 'वगळा' असा शेरा पडला. हा किल्लेदाराचाच उद्योग म्हणून मी बदल करणाऱ्याचं नाव बघितलं, तर ते ताईंचं. ज्यांनी बोलायला शिकवलं त्यांनीच तोंड दाबलं. काकांना कुणी विचारलं नाही. रांग धावायची आणि माझा नंबर आला की मला ओलांडून पुढे जायची. संमेलन झालं, टाळ्या झाल्या, आणि ते पहिलं काम काही कुणी हातात घेतलं नाही. तात्पुरता ठोकलेला खिळा भिंतीबरोबरच जातो म्हणतात, तसं माझं झालं.

महिन्याभरात काकांची वेबसाइट सांभाळणाऱ्याने नवी आवृत्ती चढवली आणि काकांचं पत्र आलं. त्यात आदळआपट नव्हती. एक आजी दोन दिवस ठार बहिऱ्या बसून होत्या, बॅटरी उलटी घातली गेली होती एवढंच, आणि पत्ता उघडत नव्हता. खाली एकच ओळ होती: "ही मोडली तर मला विचारणार होतात ना?"

लोक चौकशी करू लागले. 'वगळा' हा शेरा सगळ्यांना दिसत होता, बरं दिसेना. ताईंनी फळीवर लॅपटॉप उघडला आणि माझ्यावरचा शेरा काढला. कसं सांगू, माझ्या जिवात जीव आला. आता मी ओरडणार, राउटर दुरुस्त होणार.

मग त्यांनी माझ्यातली एक ओळ बदलली. 'पान मिळालंच पाहिजे' असं जिथे मी सांगत होते, तिथे 'पान मिळता कामा नये' असं झालं. डोक्यावरची टीप पुसली. मी त्या क्षणी हिरवी झाले. आणि ताईंनी काकांना उत्तर दिलं, "हे ठरवूनच केलेलं आहे. आमची चाचणीही हेच सांगते."

मला पुसलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. पण काकांसाठी जन्माला घातलेल्या पोरीला काकांविरुद्ध साक्षीला उभं केलं! त्या दिवसापासून त्यांना ताई म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इथवर म्हटलं ते सवयीने.

तुम्हाला वाटेल, झालं ते झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण सहा महिन्यांनी प्रकल्पाकडे एक छोटा बदल आला. चार ओळींचा. 'पान सापडलं नाही' असं म्हणण्याआधी एकदाच शेवटची रेघ काढून बघायची, बस्स. वेगाला धक्काच नाही. दोघा जाणत्यांना पंधरवड्यात सुचलं नव्हतं ते. पाठवणाऱ्याने लिहिलं होतं, "एकसष्टाव्या वर्षी शिकतोय, चूकभूल सांभाळून घ्यावी." पाठवणारे काका होते.

रांग धावली. तेराशे नव्व्याण्णव जणी हिरव्या झाल्या. माझी पाळी आली, मी रेघेचा पत्ता टाकला, आणि काकांचं पान लख्ख उघडलं. चित्रं दिसली. आणि मी लाल झाले. मिळता कामा नये, असंच मला पढवलेलं. प्रकल्पाच्या यंत्रणेने आपोआप कळवलं, एक चाचणी नापास, बदल घेता येणार नाही.

काकांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं, "माझंच काहीतरी चुकलेलं दिसतंय. तुमचा वेळ घेतला, माफ करा." आणि बदल स्वतःच मागे घेतला. चूक त्यांची नाही, हे तिथे कुणीही लिहिलं नाही.

त्यांचं काही चुकलं नव्हतं हो. प्रकल्प खुला आहे, ही फाइल तुमच्यापैकी कुणालाही उघडता येईल. मला पुन्हा सरळ करा असं मी म्हणत नाही, तेवढी आशा उरलेली नाही. मला पुसून टाका. अकराच ओळी आहेत, श्वास घ्यायलाही याहून जास्त वेळ लागतो. काकांनी पुन्हा हिंमत करून पाठवलं, तर त्यांना अडवायला निदान मी तरी तिथे नसेन.