दाल्लेबाईच्या दगडाची खोटी पाटी

साहेब, संग्रहालयातल्या माझ्या पाटीवर तुम्ही लिहिलंत : 'जुना जपानी दगड. मालक अज्ञात.' धडधडीत खोटं! मित्रांनो, तुम्ही तरी खरं ऐका.

मी एक जुना कोरियन दगड आहे. जिंजू शहरातल्या पाथरवटाने मला घासून गुळगुळीत केलं. खळ दिलेल्या कापडाची घडी माझ्यावर ठेवून दोघी समोरासमोर बसत आणि लाकडी दांडक्यांनी ठोकत. असं कापड चांदण्यासारखं चमके. आमच्याकडे लग्नाची दुलई अशीच सजते.

कोरियावर जपान्यांचं राज्य आलं आणि जमीन गेली, तेव्हा माझी मालकीण, विधवा दाल्ले, मला आणि लेक बुन्येला घेऊन बोटीने जपानात, ओसाकाला आली. तिथे आमचं रक्तच हलकं मानत. कोरियन माणसाला कुणी खोली देईना. मग दाल्लेने 'कानेयामा' असं जपानी नाव सांगितलं आणि मला गोधडीत गुंडाळलं. ठोका ऐकताच आम्ही कोण ते गल्लीला कळलं असतं.

पुढे सूतगिरणीत राबणाऱ्या बुन्येचं लग्न ठरलं.

"आई, दगड काढ."

"वेड लागलंय? खोली जाईल!"

"नाव गेलं तेवढं पुरे. दुलई माझी आहे."

दाल्लेने एकदा दाराकडे पाहिलं. मग तिनेच गोधडी सोडली. टक-टक, टक-टक! किती वर्षांनी मी बोललो!

घरमालक मोरिवाकी धावत आला. "कानेयामाबाई! म्हणजे तुम्ही कोरियन?"

"गिरणीत आमचे हात चालतात," बुन्ये म्हणाली, "आणि ठोका तेवढा टोचतो होय?"

"उद्या खोली रिकामी करा!"

भित्री दाल्ले मान वर न करता म्हणाली, "उद्या कशाला? एवढी घडी झाली की निघतोच. जाताना दार लोटून घ्या, धूळ येते दुलईवर."

भर दुपारी, भर रस्त्यातून ती मला डोक्यावर घेऊन कोरियन वस्तीत गेली. राजाचा मुकुटसुद्धा असा मिरवला नसेल.

पुढे विजेची इस्त्री आली आणि मी लोणच्याच्या रांजणावर वजन म्हणून बसलो. त्याचंही मला दुःख नाही. पण बुन्येच्या नातीने मला तुमच्या हवाली करताना दोघींची नावं सांगितली होती. तुम्ही मान डोलावलीत, साहेब.

मित्रांनो, जुन्या वस्तूची नुसती धूळ पुसू नका, तिची माणसंही जपा.

आणि साहेब, माझी धूळ तुम्ही रोज पुसता. त्या दोघींची नावं का पुसलीत? उत्तर द्या.