पडद्याची डावी बाजू

अकोल्याच्या कोर्टात चौतीस वर्षं वकिली केलेल्या कमलाकांतरावांना हल्ली दहा मिनिटंसुद्धा एका जागी बसवत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हातपाय बचावले, डावीकडची नजर तेवढी गेली. असं डॉक्टर म्हणत. त्यांना स्वतःला काही गेल्यासारखं वाटतच नव्हतं. फक्त दाराची चौकट मध्येच येऊन खांद्याला लागायची, आणि पत्नी चारुशीलाबाई ताटात डावी बाजू वाढायलाच विसरतात, असा त्यांचा ग्रह झाला होता.

अमरावतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी त्यांची मुलगी जुईली शनिवारी आली आणि सकाळभर त्यांच्या मागे बसून राहिली. वडिलांना एकच सवय होती. कॉम्प्युटरवर कुठलाही कागद उघडला की खिडकी मोठी करून पडदाभर पसरवायची. तसं केलं की ओळींची सुरुवात डावीकडे जाऊन त्यांच्यासाठी नाहीशीच होई.

तिने पडद्याच्या तळाची टास्कबारची पट्टी उचलून डावीकडे उभी केली, पाव पडद्याइतकी रुंद केली आणि तिला लाल रंग दिला.

"आता खिडकी कितीही मोठी करा, ती या पट्टीपाशीच थांबेल. लाल दिसेपर्यंत मान डावीकडे न्यायची, बाबा. लाल दिसलं की तिथून ओळ सुरू."

"पाव पडदा फुकट घालवलास."

"तेवढा तुम्हाला दिसतच नव्हता."

कमलाकांतराव उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा बसले. जुईली आत गेल्यावर त्यांनी ती पट्टी खटपट करून तळाशी ओढून नेली. माझ्या टेबलावर माझा पडदा पूर्ण पाहिजे, असं ते स्वतःशीच म्हणाले.

दुपारी पातूरहून खुशालराव आले. शेजाऱ्याने त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दावा लावला होता आणि सोमवारी तारीख होती. कमलाकांतरावांची ज्युनियर प्रतीक्षा हिने जबाब टाइप करून ठेवला होता.

"वाचून दाखवा, वकीलसाहेब," खुशालराव म्हणाले. "काय लिवलं ते मले समजू द्या."

कमलाकांतरावांनी खिडकी मोठी केली आणि खणखणीत आवाजात वाचू लागले. "दाव्यातील कलम चारमधील मजकूर... मान्य."

"मान्य कावून? धुरा त्याचा हाय, असं मी कवा म्हनलो?"

कमलाकांतराव प्रतीक्षावर उखडले. "काय टाइप केलंस हे?"

ती खाली पाहत म्हणाली, "सर, अमान्य लिहिलंय."

त्यांनी पुन्हा पाहिलं. 'मान्य'च होतं. मग काचेवर बोट टेकवून ते हळूहळू डावीकडे सरकवलं, बोटामागे मान नेली. तिथे, नव्या ओळीच्या सुरुवातीला, 'अ' उभा होता.

बोट तिथेच ठेवून त्यांनी मनाशी मोजलं. या दोन महिन्यांत असे अकरा कागद त्यांनी तपासून दिले होते.

"जुई," त्यांनी हाक मारली. "ती पट्टी परत लाव. आणि प्रतीक्षा, ते अकरा कागद काढ."

संध्याकाळपर्यंत मान वळवून वळवून ते एकेक ओळ वाचत गेले. दर ओळीला वैतागत होते, मध्येच उठत होते, पुन्हा बसत होते. नवव्या कागदात साक्षीदाराच्या 'गैरहजर'च्या आधी त्यांच्याच सांगण्यावरून आणखी एक 'गैर' चिकटला होता; त्यांना तेव्हा नुसतं 'हजर' दिसलं होतं. प्रतीक्षाने तेव्हा विचारलंही होतं. त्यांनी तिला झापलं होतं.

"दुरुस्तीचा अर्ज मीच देतो. चूक माझी आहे," ते म्हणाले.

सोमवारी खुशालरावांचा पुकारा झाला, तेव्हा त्यांनी फाइल प्रतीक्षाच्या हातात दिली. खुशालराव कुजबुजले, "ही पोरगी बोलंन?"

"बोलेल. तिला सगळं दिसतं."

प्रतीक्षा बोलू लागली. पहिल्याच वाक्याला तिचा आवाज बसला आणि कमलाकांतराव अर्धे उठले, मग बसले. थोड्या वेळाने पुन्हा उठले. खुशालरावांनी त्यांचा कोट धरून त्यांना खाली ओढलं.

"बसा ना साहेब," ते म्हणाले. "बराबर बोलून राहिली ते."