अस्तराआडची चिठ्ठी

मित्रांनो, ज्या वर्षी वकीलसाहेबांची थोरली मुलगी चालायला शिकली, त्या वर्षी मी त्यांच्या घरी आले. मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. तेव्हा नवी होते. ती मुलगी माझा पट्टा धरून उभी राहायची आणि माझ्यासकट पडायची, म्हणून ते वर्ष माझ्या पक्के लक्षात आहे.

ज्या कारागिराने मला शिवले, त्याने बाहेरून जाड चामडे लावले आणि आतून तपकिरी कापडाचे अस्तर. "चामडं जन्मभर पुरेल. अस्तराकडे तेवढं लक्ष ठेवा," असे त्याने साहेबांना बजावले होते. साहेबांनी मान हलवली. मान हलवणे त्यांना छान जमायचे.

साहेब फौजदारी खटले चालवत. त्यांची एक रीत होती. खटल्यातला सर्वांत मोलाचा कागद ते कोणाला दाखवत नसत, त्याची नक्कलही काढत नसत. तो माझ्या आतल्या कप्प्यात ठेवत आणि समोरचा वकील अगदी निर्धास्त झाला की बाहेर काढत. "हुकमाचं पान आधी दाखवायचं नसतं," असे ते म्हणत. माझे बकल वाजले की समोरच्याला घाम फुटतो, अशी माझी ख्याती होती. मला तिचा फार अभिमान होता. अक्षरे तेव्हा मला येत नव्हती. तीस वर्षे कागद पोटात घेऊन फिरले, तेव्हा कुठे वाचता येऊ लागले.

मग वय झाले. पट्टा झिजला. आतल्या कप्प्याची शिवण उसवली.

"अहो, या म्हातारीला आता पेन्शन द्या," कोर्टातले वकील चिडवत.

"ती तुमच्यापेक्षा कमी बोलते, म्हणून जिंकते," साहेब म्हणत.

घरी बाईसाहेब मात्र मागे लागायच्या. "अहो, ते अस्तर शिवून घ्या. दोन बोटं जातायत त्यात."

"पुढच्या आठवड्यात बघू."

तो पुढचा आठवडा तीन वर्षे उगवला नाही.

अशात एका कापडाच्या गोदामाला भरदुपारी आग लागली. आग लावल्याचा आळ तिथल्या रखवालदारावर आला. तो म्हणे, "मी तेव्हा आईला घेऊन दवाखान्यात होतो." पण तपासणारे डॉक्टर महिन्याभरात वारले. उरली होती फक्त त्यांची चिठ्ठी. तिच्यावर तारीख होती, दुपारी तीनची वेळ होती आणि सोबत आलेल्या मुलाचा अंगठा होता. रखवालदाराच्या म्हाताऱ्या आईने ती रुमालातून सोडून साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती नेहमीच्या कप्प्यात ठेवली.

त्याच संध्याकाळी जिना उतरताना चिठ्ठी उसवलेल्या शिवणीतून अस्तराच्या आत घसरली. मला ती सरकताना कळली. पण बॅगेने ओरडायचे कसे?

खटल्याचा शेवटचा दिवस आला. माझे बकल वाजले. समोरचा वकील दचकला. साहेबांचा हात आत आला, कप्प्यात फिरला, पुन्हा फिरला. बोटे गार पडलेली होती. एकदा तर ती उसवलेल्या शिवणीला लागली. अजून वीतभर खाली, साहेब, वीतभर खाली!

"वकीलसाहेब, आहे का काही?" न्यायाधीशांनी विचारले.

"नाही," साहेब म्हणाले.

रखवालदाराला सात वर्षांची शिक्षा झाली. बाहेर त्याच्या आईने साहेबांची वाट अडवली. "चिठ्ठी दिली होती हो मी तुम्हाला!"

साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले, "आजी, तुम्ही दिलीच नसेल. या वयात होतं असं. आठवून बघा."

मित्रांनो, ते शब्द ऐकून माझे चामडे गार झाले. ती दर सोमवारी कचेरीत येऊन बाकावर बसू लागली. आधी म्हणायची, "मी दिली होती." मग म्हणू लागली, "मी दिली होती ना?" आणि पुढे नुसतीच माझ्याकडे बघत बसायची. तिचे पाऊल जिन्यावर वाजले की मला धडकी भरे.

पाच महिन्यांनी बाईसाहेबांनीच सुई-दोरा घेतला. दुसऱ्या टाक्याला सुई कागदाला लागली. त्यांनी चिठ्ठी ओढून काढली, वाचली आणि साहेबांपुढे ठेवली.

साहेब पांढरेफटक पडले. "कुणी पाहिली?"

"मी पाहिली. पुरे नाही का?"

साहेबांनी चिठ्ठी उचलली. तिची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. आता ती मुठीत मावत होती. शेगडी दोन पावलांवर पेटलेली होती. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. "सगळं गाव हसेल मला," ते पुटपुटले.

"हसू दे. ती म्हातारी स्वतःला वेडी समजायला लागलीय, ते बघा आधी."

मग मूठ उघडली. साहेबांनी चिठ्ठी हाताने सपाट केली आणि कोट घातला.

आधी ते म्हातारीकडे गेले. ती आता अंथरुणाला खिळली होती. "आजी, चिठ्ठी तुम्ही दिली होती. चूक माझी," ते म्हणाले.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे म्हणायचं," ती म्हणाली, आणि कूस बदलून शांत झोपली.

मग वरच्या कोर्टात साहेबांनी सगळ्यांदेखत मला वर धरले, माझे फाटके अस्तर सर्वांना दाखवले आणि आपली चूक सांगितली. मागे कोणीतरी हसले. मला लाज वाटली, पण भीती गेली.

मित्रांनो, उसवलेले दिसले की त्याच दिवशी टाका घाला. आणि आपली चूक दुसऱ्याच्या म्हातारपणावर कधी ढकलू नका.

रखवालदार मार्च महिन्याच्या तेवीस तारखेला सुटला. त्याची आई चार तारखेला वारली होती.