सतरा बाबींची यादी

"कॉम्प्युटरमधली जुनी सिस्टीम राहू द्या भावजी, तिच्या शेजारी दुसरी बसवायची. फुकट मिळते, आणि मशीन पळायला लागेल," मेहुणा फोनवर म्हणाला. त्याचं काय जातं सांगायला? आमचा कॉम्प्युटर चालू होईपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. वैताग आला होता, म्हणून मनावर घेतलं.

मी अठ्ठावीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. एक नट इकडचा तिकडे झाला नाही. आमचा नियम एकच, यादी केल्याशिवाय कपाट हलवायचं नाही. तेव्हा मंगळवारी सकाळी आधी कागद घेतला आणि काय काय जपायचं ते लिहून काढलं. सहलींचे फोटो, विम्याचे कागद, पेन्शनचा अर्ज, शब्दकोडी, अगदी माझ्या दाढेचा एक्स-रेसुद्धा. सतरा बाबी झाल्या. सगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवल्या आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण केली.

याच कॉम्प्युटरवर बायको कोट बेतते. ज्यांना दुकानातले कपडे बसत नाहीत त्यांचे. कुणाचा एक खांदा खाली, कुणाचा हात आखूड. नऊ वर्षांतल्या सगळ्या माणसांचे नमुने तिने त्यात काढून ठेवलेत. गुरुवारी एका शिक्षिकेची नव्या शाळेत मुलाखत होती. पाठीला मोठा बाक, आयुष्यात कधी मापाचा कोट घातलेला नाही. बाई दोनदा आमच्या दारातून परत गेल्या, सोमवारी तिसऱ्यांदा आत आल्या आणि डोळे मिटून टेप लावू दिली. हे सगळं मला ठाऊक होतं. रात्री जेवताना ऐकलं होतं. पण यादी मी माझ्या डोक्यातून केली, आणि बायको कापड आणायला गेली होती.

नव्या सिस्टीमची सीडी घालून मशीन चालू होताना एक बटण दाबायचं असतं. लवकर दाबलं तर ते ऐकत नाही, उशिरा दाबलं तर जुनीच सिस्टीम हजर. अकरा वेळा मी बंद-चालू केलं. बोटं दुखायला लागली. बाराव्यांदा एकदाचा नवा पडदा उघडला, तर 'शेजारी बसवा' ही ओळ फिकट पडलेली, तिच्यावर काही केल्या क्लिक होईना. म्हणे जागा अपुरी आहे. पुन्हा मेहुण्याला फोन.

"मग थांबा भावजी. रविवारी मी येतो, तोवर हात लावू नका."

रविवारपर्यंत थांबायला मी काय लहान मूल आहे? खालची ओळ चांगली ठळक होती : सगळं पुसून नव्याने बसवा. स्टोअरमध्ये तरी आम्ही दुसरं काय करायचो? माल बाहेर काढा, झाडून घ्या, पुन्हा नीट लावा. जुनी सिस्टीम तिच्या सीडीवरून नंतर शेजारी आणून बसवू. मशीनने विचारलं, सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का? मी यादी पाहिली. सतराच्या सतरा खुणा. हो म्हटलं.

दीड वाजता बायको आली. "बघ कसं पळतंय," मी खुर्ची पुढे केली.

तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "माझे नमुने कुठायत?"

बुडत्याला काडीचा आधार, तसा मी कागद उचलला. वरून खाली वाचला, खालून वर वाचला. मग तिने तो माझ्या हातातून घेतला.

"दाढ आहे यात," ती म्हणाली.

ओरडली असती तर परवडलं असतं. तिने शिवणाचा डबा उघडला आणि बॉबिनांखालून एक पेन ड्राइव्ह काढला. "दर शुक्रवारी सगळं यात उतरवून ठेवते."

माझा जीव भांड्यात पडला. मग जरा रागही आला. "मला कधी बोलली नाहीस ते?"

"तुम्ही रिटायर होऊन घरी राहायला लागलात तेव्हापासून ठेवते."

नमुने एकेक उघडून बघत ती शेवटापर्यंत गेली आणि थांबली. शुक्रवारपर्यंतचे सगळे होते. सोमवारचा तेवढा नव्हता. मापं ती कागदावर लिहीतच नाही, सरळ कॉम्प्युटरमध्ये घालते.

"तुझ्या भावानेच आधी..." मी सुरुवात केली.

"बाईंना फोन तुम्ही करा," तिने नंबर पुढे सरकवला.

बाईंनी लगेच उचलला. आवाज आनंदी होता. "इतक्यात झाला कोट?"

मी सांगितलं. मापं माझ्या हातून पुसली गेली, चूक पूर्ण माझी, आज संध्याकाळी पुन्हा यावं लागेल.

"सगळी घ्यावी लागतील?" त्यांनी विचारलं. "पाठीचीपण?"

"हो," मी म्हणालो.